निम्मी करूनही उरलेली थाप

उत्तम्या,

तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, दोघंतिघं बोलले, आणि मग तुझ्या धाकट्या भावानं, मिलिंदनं, माईक माझ्या हातात दिला. आख्खा मांडव सावरून बसला. तुझी मोठी बहीण डोळे पुसता पुसता थांबली, पदर तसाच हातात. का, तर आता दिनकरभाऊ बोलणार, म्हणजे जरा हसायला मिळणार. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरकडं बघावं तशी माणसं माझ्याकडं बघत होती. आणि मी काय सांगितलं? गंगापूरचा ऊस. आमच्याकडं ऊस एवढा उंच व्हायचा की शेंड्यावर बसलेल्या कावळ्याला खाली उतरताना वाटेत एक मुक्काम करावा लागायचा, ती गोष्ट. लोक हसले. मी सवयीनं थांबलो आणि डावीकडं बघितलं. तिथून ‘निम्मं कर!’ असा आवाज यायला पाहिजे होता. तिथं खुर्ची होती आणि खुर्चीवर कुणाचं तरी जर्किन.

मी माईक ठेवून खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटला. दाटला बिटला काही नव्हता. भ्यालो होतो. त्या मांडवात सांगण्यासारखी एकच गोष्ट माझ्यापाशी होती आणि ती तोंडातून निघंना. म्हणून आता लिहितोय. तुला त्यातली बरीचशी माहीत आहे. तरी ऐकून घे, मध्ये हात वर करू नकोस.

चिकलठाण्याच्या कंपनीत आपण एकाच दिवशी लागलो, तू प्रेसवर, मी लेथवर. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की मी सुरू व्हायचो आणि तू भाकरी मोडता मोडता हात वर करायचास. ‘निम्मं कर.’ मी निम्मं करायचो. ‘अजून निम्मं.’ मी अजून छाटायचो. मग तू मान डोलवायचास, म्हणजे आता जे उरलं ते खरं असं सगळ्यांनी धरायचं. चार बिबट्यांचा एक व्हायचा. माझा सात फुटी मामा दोनदा निम्मा केल्यावर पावणेदोन फुटांचा उरला होता, तेव्हा कॅन्टीनवाल्यानं हसता हसता वरणाचं भगुणं सांडलं होतं. (भगुणं नव्हतं, वाटी होती. बघ, तू नसलास की असं होतं.) सगळी कंपनी मला थापाड्या म्हणायची, पण लबाड कुणी म्हणालं नाही. ते तुझ्यामुळं. माझ्या प्रत्येक थापेला तू खाली बूड बसवून द्यायचास.

एक गोष्ट मात्र मी कधी कुणाला वाढवून सांगितली नाही. सांगितलीच नाही. लाईट गेली, प्रेस अर्ध्यात अडकली आणि तुझ्या उजव्या हाताची बोटं साच्यात. मी लेथ सोडून धावलो. तू ओरडला नाहीस. घामानं निथळत होतास आणि एवढंच म्हणालास, ‘दिन्या, लाईट यायच्या आत.’ लाईट आली असती तर प्रेस खाली बसली असती. मी ते मोठं चाक दोन्ही हातांनी उलटं फिरवलं. दोन पेरं गेली, हात राहिला. त्यानंतर तू कुठल्याही मशीनपाशी जाताना आधी मेन स्विच कुठं आहे ते बघायचास. घरच्या मिक्सरचंसुद्धा.

पुढं कंपनीत वेल्डिंगचा रोबो आला. पिवळ्या जाळीच्या पिंजऱ्यात उभा, आडदांड, मान इकडं वळव, तिकडं वळव, ठिणग्या उडव. पुढ्यात पत्रा आहे का माणूस, त्याला काही घेणं देणं नाही. तू लांबून बघायचास आणि म्हणायचास, ‘यंत्राला दया नसती, दिन्या.’ मी म्हणायचो, ‘खुन्नस पण नसती की!’ दोघं रिटायर झालो तरी हा वाद मिटला नाही. आता माझ्या एकट्याच्याच गळ्यात पडलाय.

आणि मग माझ्या किडनीवर गाठ निघाली. लिंबाएवढी. तुला मी नारळाएवढी सांगितली होती.

संभाजीनगरातल्याच एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, रोबोनं करू. माझ्या डोळ्यांपुढं तो पिवळा पिंजरा आला. मी विचारलं, ‘साहेब, तो करणार, मग तुम्ही काय करणार?’ ते हसले. म्हणाले, ‘तो काहीच करत नाही हो, सगळं मीच करतो. मी त्याच खोलीत बाजूला बसतो. माझा हात हलला की त्याचा हात हलतो, मी थांबलो की तो थांबतो. फक्त आतलं मला कितीतरी मोठं दिसतं, आणि माझं मनगट जिथं वळणार नाही तिथं त्याचं बारीक मनगट वळतं.’ जुन्या पद्धतीनं कुशीत मोठा छेद घ्यावा लागला असता, कदाचित आख्खी किडनी गेली असती. अशानं नुसती गाठ निघंल, बाकीची किडनी वाचवायचा प्रयत्न करू, म्हणाले. आणि हेही म्हणाले, की हे प्रत्येकाला लागतंच असं नाही, दुर्बिणीच्या साध्या ऑपरेशननंही पुष्कळांचं भागतं. तुमच्या गाठीची जागा अडचणीची आहे म्हणून.

आत नेलं तेव्हा ते यंत्र बघितलं. चार हात, प्रत्येकावर स्वच्छ प्लास्टिकचं आवरण. डॉक्टर कोपऱ्यात, जत्रेतल्या बायस्कोपात डोकं घालावं तसं डोकं घालायच्या तयारीत. भूल देणाऱ्या बाईंनी नाव विचारलं. मी ‘दिनकर’ म्हणालो, पुढं गावाचं नाव सांगायचं होतं, तेवढ्यात जाग आली. झालं होतं सगळं! संध्याकाळी घोट घोट पाणी. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं हाताला धरून व्हरांड्यात चालवलं. रक्ताची बाटली लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी, खुर्चीत बसून चहात बटर बुडवत होतो.

आणि तिथंच घात झाला.

आपल्याकडं पेशंट बघायला येतात, त्याला एक रीत आहे. येणारा शहाळं आणतो, बिस्किटाचा पुडा आणतो, एसटीत उभा राहून येतो. मग पेशंटनंही पेशंटासारखं दिसावं की नाही? कन्नडहून माझा आतेभाऊ आला, उंबऱ्यातच थबकला आणि म्हणाला, ‘आरं, हा तर चहा पितोय!’ त्याचा चेहरा असा पडला, की जणू मी त्याला फसवलं. मला लई ओशाळवाणं झालं. दुसऱ्या दिवशी गंगापूरहून आख्खी जीप भरून मंडळी येणार होती. मी सरलाला म्हणालो, ‘तो कमरेचा रुंद पट्टा आण आणि छातीपासून खालपर्यंत गुंडाळ.’ ती म्हणाली, ‘अवो, लाज वाटू द्या. देवानं नीट आणलंय घरी, आणि तुम्ही सोंग करताय!’ पण तिनं गुंडाळला. माझ्या हट्टापुढं तिचं कधी चाललंय?

जीप आली त्याच वेळी तूही आलास, करमाडहून. ऑपरेशन झाल्यावर पहिल्यांदाच बघायला येत होतास. स्टूल ओढून पायापाशी बसलास. आणि मी सुटलो.

तुला आठवतंय सगळं, तरी लिहितो, कारण हे कागदावर यायला पाहिजे. मी म्हणालो, डॉक्टर बटण दाबून चहाला गेला. म्हणालो, आपल्या शॉपमधला वेल्डिंगचा होता ना, त्याचाच हा चुलत भाऊ, चार हातांचा. एका हातात कात्री, दुसऱ्यात चिमटा, तिसऱ्यात विस्तव आणि चौथा नुसताच आत चाचपडतोय. छातीपासून बेंबीखालपर्यंत बोट ओढून दाखवलं, ‘इथून इथपर्यंत फाडलंय, पोतं उसवावं तसं.’ बायकांनी तोंडाला पदर लावले. मला चेव आला. म्हणालो, ‘आणि तेवढ्यात लाईट गेली! हात आतच!’

जीपमधल्या एकानं विचारलं, ‘मग?’

‘मग काय! अर्धा तास त्या हाताला लटकून होतो. सगळे म्हणत होते, लाईट यायच्या आत काढा, लाईट यायच्या आत काढा!’

सगळे हसले. तू हात वर केलास. ‘निम्मं कर.’ आवाज नेहमीसारखा नव्हता. मी म्हणालो, पाव तास. ‘अजून निम्मं.’ मी म्हणालो, ‘बरं बाबा, सात-आठ मिनिटं. पण हात आत होता, हे सरलाची शप्पथ.’ तू मान डोलवली नाहीस. आपल्या बोटांकडं बघत बसलास.

मला दिसलं होतं, उत्तम्या. ही ओळ लिहायला मला इतके दिवस लागले. मला तेव्हाच दिसलं होतं, की ते वाक्य मी तुझ्या तोंडून चोरलंय आणि तुला ते कळलंय. पण जीपभर माणसं हसत होती. मी पुढं बोलत राहिलो.

आठ-नऊ महिन्यांनी तुला रक्त पडायला लागलं. तू सगळ्यांना मूळव्याध म्हणून सांगितलंस. मला काहीच नाही. दुर्बिणीतून तपासलं तर मोठ्या आतड्याच्या अगदी खालच्या टोकाला गाठ. डॉक्टरांनी सांगितलं, लवकर काढू, तिथली जागा अरुंद आहे, रोबोचे बारीक हात तिथं नीट पोचतात, आजूबाजूच्या नसा जपता येतील, बहुतेक शौचाची वाट आहे तिथंच राहील, कायमची पिशवी लावायची वेळ येणार नाही. तू म्हणालास, विचार करून सांगतो. मग सोयाबीन निघू दे. मग दिवाळी होऊ दे. मग पोरीचं बाळंतपण.

मला चार महिन्यांनी कळलं, तेही वत्सलावहिनींचा फोन आला म्हणून. ‘भाऊजी, तुम्ही तरी सांगा. माझं ऐकत नाहीत.’ मी तसाच स्कूटर काढून जालना रोडनं करमाडला. तू अंगणात चवाळ्यावर तूर वाळत घालत होतास. मी आल्या आल्या शर्ट वर केला.

‘बघ. हरभऱ्याएवढ्या खुणा. ही एक जरा लांब, ती गाठ बाहेर काढायला. संपलं. बाकी काही नाही.’

तू वाकून बघितलंस. चष्मा लावून पुन्हा बघितलंस.

‘आन् ती इथून इथपर्यंतची?’

‘नव्हतीच.’

‘पट्टा?’

‘सरलानं गुंडाळला होता. मीच सांगितलं होतं.’

‘लाईट?’

‘गेलीच नव्हती. अरे, तसं झालं तरी मशीनला बॅटरी असते, आणि हात बाहेर काढून ठेवता येतात. डॉक्टर तिथंच होते. मला काही कळलंसुद्धा नाही, उत्तम्या. मी खोटं बोललो.’

तू हसलास. मायेनं हसलास, तेच मला सोसत नाही. माझ्या शर्टाची खालची गुंडी तू तुझ्या त्या अर्ध्या बोटांनी लावलीस आणि म्हणालास, ‘दिन्या, चाळीस वर्षं तू वाढवून सांगतोयस. आज पहिल्यांदा कमी करून सांगतोयस. म्हणजे मामला लई वाईट दिसतोय. हे दुप्पट करून धरायला पायजे.’

मी शपथा घेतल्या. आईची घेतली, सरलाची घेतली. तू म्हणालास, ‘सरलावहिनीची तेव्हा पण घेतली होती.’

तुला मापायला मीच शिकवलं होतं. माझ्या गोष्टीचा चौथा हिस्सा खरा, हे तुझं माप उभ्या जन्मात चुकलं नव्हतं. फक्त त्या एका दिवशीच्या गोष्टीत चौथा हिस्साही खरा नव्हता, आणि ती निम्मी-निम्मी करूनही घाबरवण्यापुरती उरली.

त्यानंतर महिन्याभरात तुझं पोट फुगलं. वाट बंद. ओकारीनं बेजार. मिलिंदनं तुला गाडीत घालून आणलं. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटायच्या बेताला आलंय, आता बारीक भोकांचं काम राहिलं नाही, सरळ पोट उघडावं लागंल. उघडलं. पाच दिवस तू आयसीयूत. गाठ यकृतापर्यंत गेली होती. मी भेटायला आलो तेव्हा कुशीला पिशवी, आणि पोटावर ते. तू चादर बाजूला केलीस आणि माझ्याच ढंगात बोट ओढून दाखवलंस. ‘बघ, दिन्या. इथून इथपर्यंत.’

माझ्या थापेतली जखम, जशीच्या तशी, तुझ्या अंगावर. हसायला लावायचं म्हणून म्हणाला होतास ना? मला हसू आणता आलं नाही. तेवढं एक काम मला येत होतं, तेही तुझ्यासाठी जमलं नाही. मी सफरचंद कापत बसलो. तुला सफरचंद चालत नव्हतं. तरी कापलं.

त्या दुखण्यातून तू उठला नाहीस. तू गेल्यावर मी डॉक्टरांना गाठून विचारलं. म्हणालो, ‘साहेब, पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच केलं असतं तर?’ ते म्हणाले, ‘ते महिने महत्त्वाचे होते. पण तेव्हाच ते किती पसरलं होतं, हे आता कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही.’ भला माणूस. त्यांनी मला लपायला जागा करून दिली. मी चार-दोन दिवस लपलोही.

मग पुण्यानुमोदन झालं, मांडव सुटला, आणि वहिनींनी मला आत बोलावलं. त्या भांडी आवरत होत्या. मी म्हणालो, ‘वहिनी, माझ्यामुळं झालं.’ मला वाटलं, म्हणतील, असं नका हो बोलू. खरं सांगतो, मी त्यासाठीच बोललो होतो. त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला एक सांगायचंय. हे एकदा एकटेच गेले होते त्या डॉक्टरकडं. त्यांनी तासभर बसवून सगळं समजावलं. कागदावर चित्र काढून दिलं. घरी आले, चित्र घडी करून फडताळात ठेवलं आन् म्हणाले, डॉक्टर माणूस चांगला हाय, पण तो बाहेर बसतो. दिन्या आत जाऊन आलाय.’

एवढं सांगून त्यांनी पातेलं पालथं घातलं. रागावल्या नाहीत. मला दार पण दाखवलं नाही. ‘चहा ठेवू का?’ म्हणाल्या.

उत्तम्या, सगळ्या कंपनीत मला ओळखणारा तू एकटा. माझ्या तोंडून निघालेलं एक अक्षरही न छाटता तू कधी घेतलं नाहीस. आणि जीव वाचवायची वेळ आली तेव्हा शिकल्यासवरलेल्या डॉक्टरापेक्षा माझा शब्द मोठा धरलास? इतका मान मला कुणी दिला नव्हता रे. कुणी द्यायला नको होता.

आता पुढचं ऐक, ते तुला माहीत नाही.

तुझं झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, सख्ख्या भावाबहिणींनी आणि पोरांनी एकदा तपासून घ्या, हा आजार घराण्यात असू शकतो. तुझ्या बहिणीत काही निघालं नाही, पोरीचंही सगळं ठीक. मिलिंदच्या आतड्यात गाठ निघाली. लहान आहे, वेळेत सापडली. डॉक्टर तेच म्हणाले जे तुला म्हणाले होते. आणि मिलिंद तेच म्हणाला जे तू म्हणाला होतास. विचार करून सांगतो.

परवा सकाळी मी गेलो. सगळं घर ओसरीवर होतं. वहिनी, तुझी बहीण, मिलिंद आणि त्याची बायको रंजना, सोबत शेजारचे दोघं-तिघं. ‘जय भीम, भाऊ, बसा,’ म्हणून मिलिंदनं खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. पट्टा, जीप, लाईट, तुझं वाक्य. ते मी कुठून उचललं तेही सांगितलं. शेजाऱ्यांतला एक सुरुवातीला हसला, त्याला वाटलं गोष्ट चाललीय. मग गप झाला. तुझी बहीण उठून आत गेली, ती मी असेपर्यंत बाहेर आली नाही. तिचं बरोबर आहे.

मिलिंदनं ती खुर्ची पुन्हा माझ्याकडं सरकवली. मग म्हणाला, ‘भाऊ, दादाचं राहू द्या आता. मला सांगा. दुखतं का?’

माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. त्याला हसवणाऱ्या, धीर देणाऱ्या, एकापेक्षा एक. मी त्या गिळल्या.

म्हणालो, ‘दुखतं. भूल उतरल्यावर दुखतं, गोळी देतात. पोटात गॅस भरतात, त्यानं खांदा दुखतो, एक-दोन दिवस. खोकताना उशी दाबून धरायची. तुझं आतड्याचं आहे, तुला माझ्यापेक्षा दोन दिवस जास्त लागतील. जोड भरून यायला काही महिने पिशवी लावतील कदाचित, ते डॉक्टरांना विचार, मला ठाऊक नाही. घरी आल्यावर थकवा येतो. मला पंधरा-वीस दिवस आला. मग नाही.’

‘आन्?’

‘आन् काही नाही.’

‘बस? एवढंच?’

‘एवढंच.’

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी वर बघितलं नाही, खाली बघितलं नाही, डावीकडं पण बघितलं नाही. मग तो रंजनाकडं वळला आणि म्हणाला, ‘लाव दवाखान्यात फोन. सोमवारची तारीख मिळती का विचार.’

एवढंच होतं रे, उत्तम्या. एवढंच सांगायचं होतं.